विश्लेषण : बुद्धिबळात प्रतिभा मोठी की अभ्यास? सुलतान खान यांचे आयुष्य काय सांगते?

डी. गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या १८व्या वर्षी जगज्जेता झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला. अशा प्रत्येक यशानंतर बुद्धिबळाच्या क्लासबाहेर उभ्या असलेल्या पालकांमध्ये एक चर्चा हमखास रंगते : हे मुळात अंगातच असावे लागते, की मेहनतीने कमावता येते? प्रतिभेची बाजू घेणारे अनेकदा सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या एका भारतीयाचा दाखला देतात. पंजाबातील एका खेड्यातून लंडनला गेलेले, बुद्धिबळाची पुस्तके न वाचलेले आणि तरीही तीनदा ब्रिटिश विजेतेपद पटकावणारे सुलतान खान. हा दाखला आकर्षक आहे. मात्र त्यांच्या आयुष्याचे तपशील पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ राहत नाही.

सुलतान खान कोण होते?

सुलतान हे त्यांचे नाव होते, पद नव्हे. पूर्ण नाव मीर सुलतान खान. त्यांचा जन्म तत्कालीन ब्रिटिश भारतातील पंजाबात, खुशाबजवळच्या मिठा टिवाणा या गावी झाला. हा भाग आज पाकिस्तानात आहे. जन्मवर्ष १९०३ असल्याचे आता मानले जाते. जुन्या संदर्भग्रंथांत मात्र १९०५ अशी नोंद आढळते. घरी बुद्धिबळाचा पट होता आणि वडील स्वतः खेळत. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकवले. विशीच्या सुरुवातीलाच पंजाबातील सर्वोत्तम खेळाडूंमध्ये त्यांचे नाव घेतले जाऊ लागले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एप्रिल १९२९ मध्ये सुलतान खान लंडनला पोहोचले तेव्हा त्यांनी पंचविशी गाठली होती. म्हणजे पट हाती येऊन सोळा-सतरा वर्षे उलटली होती. युरोपला ते नवशिके वाटले, कारण युरोपीय नियमांनी ते थोडीच वर्षे खेळत होते. बुद्धिबळाला मात्र ते अजिबात नवीन नव्हते.

देशी बुद्धिबळ वेगळे कसे होते?

त्या काळी भारतात प्रांतागणिक नियम थोडेफार बदलत. महाराष्ट्रातही देशी नियमांनी खेळण्याची जुनी परंपरा होती. बहुतेक ठिकाणी काही गोष्टी समान होत्या. पहिल्या चालीत प्यादे दोन घरे पुढे जात नसे. ते एकच घर सरके. राजा आणि हत्ती यांची एकत्रित चाल, म्हणजे कॅसलिंग, नव्हती. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येई, तीही त्याला शह मिळालेला नसेल तर. पलीकडच्या टोकाला पोहोचलेले प्यादे थेट वजीर होत नसे. ज्या पट्टीवर ते पोहोचले त्या पट्टीचे मूळ मोहरे त्याला मिळे : हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट.

हे फरक किरकोळ वाटतील, पण त्यांनी खेळाचे सगळे रूपच बदलते. युरोपीय पद्धतीत प्यादी एकदम दोन घरे पुढे जातात, त्यामुळे दोन्ही बाजूंची मोहरी चार-पाच चालींतच समोरासमोर येतात. पहिल्या दहा-पंधरा चालींत चूक झाली तर डाव हातचा जाऊ शकतो. म्हणूनच तिथे सुरुवातीच्या चालींचा, म्हणजे ओपनिंगचा, ग्रंथबद्ध अभ्यास वाढला. देशी खेळात प्रत्यक्ष भिडंत उशिरा होई. दोघेही आपापली फौज सावकाश रचत. घाई कामाची नसे. मोहऱ्यांची संथ फिरवाफिरव, कोंडलेल्या स्थितीतला धीर आणि कोणते प्यादे कोणत्या पट्टीवरून न्यायचे याचा शेवटपर्यंतचा हिशेब, यांवर डावाचा निकाल ठरे.

या शाळेत तयार झालेला खेळाडू युरोपात गेला तर काय होईल? तो सुरुवातीला अडखळेल आणि डाव जसजसा लांबेल तसतसा वरचढ होत जाईल. सुलतान खान यांच्या बाबतीत अगदी हेच घडले.

आश्रयदात्याने काय दिले?

सुलतान खान यांचा खेळ सर उमर हयात खान यांच्या नजरेस पडला. ते पंजाबातील मोठे जमीनदार होते. ब्रिटिश लष्करात मानाचे पद, सरकारदरबारी वजन आणि बुद्धिबळाचा मनापासून नाद, असे हे व्यक्तिमत्त्व. आपल्या जहागिरीत बुद्धिबळाचा चमू उभा करण्यासाठी त्यांनी सुलतान खान यांना मानधन आणि राहण्याजेवण्याची सोय देऊ केली. युरोपीय नियमांशी सुलतान खान यांची ओळख झाली ती याच काळात, १९२६च्या सुमारास.

आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांना पूर्णवेळ खेळाडू होता आले. पोटासाठी दुसरे काही करण्याची गरज उरली नाही. १९२८ मध्ये दिल्लीत झालेली अखिल भारतीय स्पर्धा त्यांनी आठ विजय आणि एक बरोबरी अशा कामगिरीने जिंकली. एकही डाव गमावला नाही. पुढच्याच वर्षी सर उमर त्यांना आपल्यासोबत लंडनला घेऊन गेले.

लंडनमधील पहिल्याच स्पर्धेत काय झाले?

प्रतिभेचे गोडवे गाताना हा टप्पा सहसा गाळला जातो. लंडनला पोहोचल्यावर त्यांच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली. तिथे सुलतान खान संयुक्तपणे शेवटच्या क्रमांकावर राहिले. युरोपीय ओपनिंगची माहिती नसल्याने अनुभवी प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना सुरुवातीलाच अडचणीत आणले.

त्यानंतर या स्पर्धेत त्यांच्या पुढे राहिलेल्या दोघांनीच त्यांना शिकवायला घेतले. फ्रेडरिक येट्स हे अनेकदा ब्रिटिश विजेते ठरलेले मातब्बर खेळाडू. दुसरे विल्यम विंटर, ज्यांनी पुढे १९३४, १९३५ आणि १९३६ अशी सलग तीन वर्षे ब्रिटिश विजेतेपद मिळवले. काही आठवडे या दोघांसोबत सराव झाला. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे झालेली ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा सुलतान खान यांनी जिंकली. साऱ्यांनाच आश्चर्याचा धक्का बसला.

या घटनेचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. शेवटच्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर येण्यासाठी त्यांना शिकवणी लागली, हा पहिला. पण काही आठवड्यांची शिकवणी घेऊन देशाचा विजेता होणे सामान्य खेळाडूला जमत नाही, हा दुसरा. येट्स आणि विंटर यांनी जे दिले ते कमी पडणारा तुकडा होता. बाकीचे सगळे त्यांच्याकडे आधीपासून होते.

कॅपाब्लांकांवरील विजय किती मोठा?

नोव्हेंबर १९२९ मध्ये सुलतान खान मायदेशी परतले आणि मे १९३० मध्ये पुन्हा युरोपात आले. पुढची साडेतीन वर्षे हा त्यांच्या कारकिर्दीचा परमोच्च काळ. १९३० मध्ये बेल्जियममधील लिएज येथे बलाढ्य खेळाडूंच्या स्पर्धेत ते साव्हिएली टार्टाकोव्हर यांच्या पाठोपाठ दुसरे आले. १९३१ मध्ये याच टार्टाकोव्हर यांना त्यांनी बारा डावांच्या लढतीत हरवले : चार विजय, तीन पराभव आणि पाच बरोबरी.

सर्वाधिक गाजला तो १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतील डाव. समोर होते क्युबाचे होजे राऊल कॅपाब्लांका. १९२१ ते १९२७ या काळात ते जगज्जेते होते आणि त्याआधी-नंतर धरून १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षे त्यांनी एकही डाव गमावला नव्हता. बुद्धिबळातील नैसर्गिक प्रतिभा म्हटले की आजही पहिले नाव कॅपाब्लांकांचेच येते. पांढरी मोहरी घेऊन खेळताना सुलतान खान यांनी त्यांना हळूहळू आवळत नेले आणि ६५ चालींत हरवले. डाव झटपट हल्ल्याने जिंकलेला नव्हता. ज्या संथ, चिवट खेळात कॅपाब्लांकांना तोड नाही असे मानले जाई, त्याच खेळात त्यांना मात मिळाली. त्या स्पर्धेत माक्स ऑयवे पहिले, कॅपाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले. कॅपाब्लांकांनी पुढे त्यांच्या प्रतिभेची मनमोकळी तारीफ केली.

ब्रिटनच्या संघातर्फे सुलतान खान १९३०, १९३१ आणि १९३३ अशा तीन ऑलिम्पियाडमध्ये पहिल्या पटावर खेळले. पहिल्या पटावर सहसा देशाचा सर्वोत्तम खेळाडू असतो. १९३१ मध्ये प्रागला त्यांनी सतरा डावांत आठ विजय, सात बरोबरी आणि फक्त दोन पराभव अशी कामगिरी केली. सालो फ्लोर आणि अकिबा रुबिन्स्टाइन यांना हरवले. तत्कालीन जगज्जेते अलेक्झांडर अलेखाइन यांना बरोबरीत रोखले. १९३२च्या लंडन स्पर्धेत अलेखाइन आणि फ्लोर यांच्यामागे त्यांनी अमेरिकेच्या आयझॅक कॅशडन यांच्यासोबत संयुक्त तिसरा क्रमांक मिळवला. ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत ते चार वेळा खेळले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा विजयी ठरले.

अभ्यासाची उणीव कुठे दिसली?

सुलतान खान यांचे डाव पाहिले तर एक साचा वारंवार दिसतो. सुरुवातीच्या दहा-बारा चालींनंतर त्यांची स्थिती अनेकदा प्रतिस्पर्ध्यापेक्षा थोडी वाईट असते. राजा उशिरा सुरक्षित होतो, मोहरी सावकाश बाहेर पडतात. जणू देशी खेळातली सवय हातात उरली आहे. डावाच्या मध्यावर ते ही तूट भरून काढतात आणि अंत्यपर्वात, मोजकी मोहरी उरल्यावर, बाजी मारतात.

ही पद्धत थकवणारी होती. आधी तूट भरायची आणि मग जिंकायचे, म्हणजे प्रत्येक डावात दुप्पट काम. त्यात इंग्लंडची हवा त्यांना मानवली नाही. हिवताप आणि घशाचे विकार त्यांचा पिच्छा सोडत नसत. गळ्याभोवती कापड गुंडाळून ते खेळायला येत. ओपनिंगचा पक्का अभ्यास असलेल्या खेळाडूपुढे ही तूट भरून निघाली नाही तर पराभव अटळ असे. १९३२ मध्ये फ्लोर यांच्याविरुद्धची सहा डावांची लढत त्यांनी एक विजय, दोन पराभव आणि तीन बरोबरींसह थोडक्यात गमावली.

अधिक अभ्यास मिळता तर ते कुठवर गेले असते, हा प्रश्न म्हणूनच आजही विचारला जातो. त्याचे उत्तर कुणालाच देता येणार नाही. पण त्यांच्या डावांतून इतके नक्की दिसते की, पुस्तकी ज्ञानाचा अभाव हे त्यांचे बलस्थान नव्हते. त्यांना ती अडचण होती आणि त्या अडचणीवर मात करून ते जिंकत होते.

निरक्षर नोकर ही प्रतिमा कितपत खरी?

युरोपीय लेखकांनी सुलतान खान यांची जी गोष्ट सांगितली ती एखाद्या परीकथेसारखी होती : लिहितावाचता न येणारा नोकर, मालकाच्या घरी वाढपी आणि पटावर मात्र राजा. १९३३ मध्ये सर उमर यांच्या लंडनमधील निवासस्थानी अमेरिकी संघाला मेजवानी होती. तिथे ब्रिटिश विजेताच पाहुण्यांना वाढत होता, असा किस्सा त्या संघातील रूबेन फाइन यांनी लिहून ठेवला. तो पुढे अनेक पुस्तकांत फिरत राहिला. २०२० मध्ये आलेल्या डॅनियल किंग यांच्या चरित्राच्या शीर्षकातही नोकर हा शब्द आहे.

सुलतान खान यांच्या कुटुंबीयांना हे चित्र मान्य नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार हे घराणे जमीनजुमला आणि धार्मिक प्रतिष्ठा असलेले होते, सुलतान खान लिहू-वाचू शकत होते आणि सर उमर यांच्याशी त्यांचे नाते मालक-नोकराचे नव्हते. पंजाबी सरंजामी समाजातील आश्रयाचे नाते इंग्रजी नजरेला चाकरी वाटले असणे अशक्य नाही. पाहुण्यांना स्वतः वाढणे हा आपल्याकडे आतिथ्याचा भाग असतो, हेही विसरता येत नाही.

हा वाद केवळ घराण्याच्या मानाचा नाही. प्रतिभा की अभ्यास या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. खेळाडू निरक्षर ठरवला की त्याचे सगळे यश आपोआप दैवी देणगीच्या खात्यात जमा होते. वडिलांकडून मिळालेले शिक्षण, देशी खेळाची परंपरा, जहागिरीतील पूर्णवेळ सराव आणि येट्स-विंटर यांची शिकवणी, हे सारे पुसले जाते. इंग्रजी पुस्तकांतून आलेला अभ्यास तेवढाच अभ्यास, असे गृहीत धरले तरच सुलतान खान यांना अभ्यासाविना घडलेले म्हणता येते.

१९३३ नंतर काय झाले?

१९३३चा उन्हाळा या गोटासाठी सोनेरी ठरला. हेस्टिंग्जला सुलतान खान यांनी तिसरे ब्रिटिश विजेतेपद जिंकले. त्याच वर्षी महिलांचे ब्रिटिश विजेतेपद पटकावले फातिमा यांनी. त्याही सर उमर यांच्याच परिवारासोबत इंग्लंडला आल्या होत्या. एका आश्रयदात्याच्या घरातून एकाच वर्षी दोन विजेते निघाले. योग्य वातावरण मिळाले तर काय घडू शकते, याचे हे ठळक उदाहरण.

वर्ष संपताना मात्र चित्र बदलले. डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर मायदेशी परतले आणि त्यांच्यासोबत सुलतान खानही. १९३५ मध्ये मराठी बुद्धिबळपटू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांची दहा डावांची लढत झाली. खाडिलकर यांना केवळ एक डाव बरोबरीत सोडवता आला. उरलेले नऊ सुलतान खान यांनी जिंकले. म्हणजे इंग्लंड सोडून दोन वर्षे झाली तरी खेळाची धार कायम होती. त्यानंतर मात्र आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात त्यांचे नाव दिसले नाही. तेव्हा ते जेमतेम तिशीत होते. बुद्धिबळपटूची खरी उमेद सुरू होते ते हे वय.

भारतात त्या वेळी ना त्यांच्या तोडीचे प्रतिस्पर्धी नियमितपणे मिळत, ना स्पर्धांची साखळी होती, ना परदेशी जाण्याचा खर्च उचलणारी संस्था. सर उमर यांचे १९४४ मध्ये निधन झाले. फाळणीनंतर सुलतान खान यांचा भाग पाकिस्तानात गेला. सरगोधा परिसरात त्यांनी शेती केली, मोठा संसार सांभाळला. आपल्या मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवले नाही. आयुष्यात याहून उपयोगी काही करा, असे ते सांगत, अशी आठवण कुटुंबात सांगितली जाते. एप्रिल १९६६ मध्ये सरगोधा येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

बोटविनिक यांच्याशी तुलना का?

सुलतान खान भारतात परतले त्याच सुमारास, नोव्हेंबर-डिसेंबर १९३३ मध्ये, मॉस्को आणि लेनिनग्राड येथे एक लढत सुरू होती. एका बाजूला तेच सालो फ्लोर, ज्यांनी वर्षभरापूर्वी सुलतान खान यांना निसटते हरवले होते. दुसऱ्या बाजूला २२ वर्षांचे मिखाईल बोटविनिक. बारा डावांनंतर लढत ६-६ अशी बरोबरीत सुटली. फ्लोर यांचे डाव आधीच बारकाईने तपासून, त्यांच्या सवयी हेरून बोटविनिक पटावर बसले होते. पद्धतशीर तयारी ही पुढे त्यांची ओळखच बनली.

एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दोघांचे निकाल फार वेगळे नाहीत. पुढचे रस्ते मात्र टोकाचे वेगळे निघाले. बोटविनिक यांच्यामागे सोव्हिएत राज्ययंत्रणा होती. क्लब, प्रशिक्षक, नियतकालिके, स्पर्धा असे सगळे जाळे त्यांना उपलब्ध होते. १९४८ मध्ये ते जगज्जेते झाले. नंतर त्यांनी आपली अभ्यासपद्धती शिष्यांना शिकवली; कारपॉव्ह, कास्पारॉव्ह आणि क्रॅमनिक हे तिन्ही भावी जगज्जेते त्यांच्या शाळेतून गेले. सुलतान खान यांच्याकडचे ज्ञान त्यांच्यासोबतच संपले. ते लिहून ठेवणारे कुणी नव्हते आणि पुढे नेणारी शाळाही नव्हती.

बोटविनिक म्हणजे अभ्यास आणि सुलतान खान म्हणजे प्रतिभा, अशी वाटणी करणे सोपे आहे. पण विशीतच जागतिक दर्जाच्या खेळाडूशी बरोबरी करणाऱ्या बोटविनिक यांच्यात प्रतिभा कमी होती, असे कोण म्हणेल? दोघांतला मोठा फरक संधीचा होता. एकाची संधी व्यवस्थेवर उभी होती, दुसऱ्याची एका व्यक्तीच्या मर्जीवर आणि प्रवासावर.

संशोधन काय सांगते?

या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. नेदरलँड्सचे आड्रियान डी ग्रूट यांनी १९४०च्या दशकात खेळाडू चाल कशी निवडतात याचा मागोवा घेतला. अव्वल खेळाडू इतरांपेक्षा फार खोलवर चाली मोजतात असे त्यांना आढळले नाही; पण योग्य चाली त्यांच्या लवकर लक्षात येतात. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी आणखी पुढचा प्रयोग केला. खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवली तर मास्टर खेळाडू बहुतेक मोहरी आठवून मांडतो, नवशिक्याला मोजकीच जमतात. मात्र तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली तर मास्टरची ही आघाडी जवळपास नाहीशी होते. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती सरसकट असामान्य नसते. वर्षानुवर्षांच्या खेळाने हजारो आकृतिबंध डोक्यात साठलेले असतात आणि ते झटकन ओळखू येतात.

सुलतान खान यांचे कोडे यातून बरेचसे सुटते. मोहऱ्यांचे संथ डावपेच आणि अंत्यपर्व यांचे आकृतिबंध त्यांच्याकडे लहानपणापासून साठत गेले होते. देशी नियमांतले हे ज्ञान युरोपीय पटावरही बहुतांशी उपयोगी पडले. युरोपीय ओपनिंगचे आकृतिबंध मात्र नव्हते, म्हणून तिथे ते चाचपडत.

प्रतिभेचा मुद्दा तरीही उरतोच. फर्नांड गोबे आणि गिलेर्मो कॅम्पितेल्ली यांनी अर्जेंटिनातील खेळाडूंचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मास्टर दर्जा गाठायला सरासरी सुमारे ११ हजार तासांचा सराव लागल्याचे दिसले. पण या सरासरीआडचा फरक थक्क करणारा होता. एखाद्याला साधारण तीन हजार तास पुरले, तर दुसऱ्या कुणाला वीस हजारांहून अधिक लागले. काहींना तर इतके तास घालूनही तो दर्जा मिळाला नाही. सरावाला पर्याय नाही, पण एका तासाच्या सरावातून किती हाती लागेल हे प्रत्येकाचे वेगळे असते. ज्याला आपण प्रतिभा म्हणतो, तिचा एक मोठा भाग बहुधा हाच.

मग प्रश्नाचे उत्तर काय?

सुलतान खान यांचे आयुष्य दोन्ही बाजूंना थोडे अडचणीत आणते. अभ्यासाशिवाय काही होत नाही म्हणणाऱ्यांना सांगावे लागेल की, काही आठवड्यांच्या शिकवणीवर रॅम्सगेट जिंकता येते ते कसे. प्रतिभाच सर्वस्व म्हणणाऱ्यांना त्याआधीच्या स्पर्धेतला शेवटचा क्रमांक आणि तिशीत थांबलेली कारकीर्द समजावून सांगावी लागेल. गळा कितीही गोड असला तरी गुरू, रियाज आणि मैफल यांच्याविना गवई घडत नाही. सुलतान खान यांना गुरू मिळाला, रियाज घडला. मैफल मात्र साडेचार वर्षांतच उठली.

आज मोबाइलवर जगातील कोणत्याही खेळाडूशी खेळता येते. ज्या ओपनिंगसाठी सुलतान खान यांना लंडन गाठावे लागले, ती गावातल्या मुलालाही घरबसल्या शिकता येते. तरीही परदेशी स्पर्धा, प्रशिक्षकाचे मानधन आणि शाळेतून मिळणारी सवलत यांचा भार बहुतेक वेळा कुटुंबावरच पडतो. मुलाच्या अंगात प्रतिभा आहे का, हे शोधण्याइतकेच ती टिकवण्यासाठी पुढची दहा वर्षे काय लागेल, हे पाहणेही पालकांसाठी आणि संघटनांसाठी गरजेचे आहे.

जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९५० मध्ये पहिल्यांदा अधिकृतपणे ग्रँडमास्टर किताब दिले. पहिल्या २७ जणांत टार्टाकोव्हर होते, फ्लोर होते. अनेक वर्षांपूर्वीच स्पर्धा खेळणे सोडलेले रुबिन्स्टाइनही होते. या तिघांनाही पटावर हरवलेले सुलतान खान त्या यादीत नव्हते. ते तेव्हा हयात होते, सरगोधा परिसरात शेती करत होते. फिडेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.